कंट्रोल ग्रुपमध्ये असताना चोरून प्राणायाम केला. आता काय करू?

निंबोणी

आधीच सांगते, प्रश्न गंभीर आहे, हसू नका. (हसणार आहातच.)

सहा महिन्यांपूर्वी तपासणीत माझा रक्तदाब १४८/९२ निघाला. डॉक्टर म्हणाले, लगेच गोळी नको, आधी मीठ, वजन, चालणं बघू. त्याच सुमारास एका संशोधनासाठी माणसं हवी होती. विषय: किंचित वाढलेला रक्तदाब आणि प्राणायाम, बारा आठवडे. एम.डी. करणारी एक मुलगी ते काम करत होती. मी आणि ऑफिसातली मैत्रीण, दोघींनी नावं दिली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं कंप्युटरने वाटप केलं. मैत्रीण प्राणायाम गटात, मी कंट्रोल गटात. मला बजावलं होतं की आहे तसंच चालू ठेवा, बारा आठवडे योगासनं-प्राणायाम काही सुरू करू नका, नंतर तुमचाही वर्ग घेऊ. मी सही केली.

तिसऱ्या आठवड्यात मैत्रीण डबा खाताना म्हणाली, "अगं, काय झोप लागते म्हणून सांगू!" झालं. मी तिच्याकडून सगळं काढून घेतलं. चार अंक मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, दहा मिनिटं. दुसऱ्या दिवसापासून पहाटे गॅलरीत बसायला लागले. शेवटच्या मोजणीला १३४/८६. त्या मुलीने आकडा लिहून घेतला, म्हणाली, "अरे वा, छान." मी गप्प.

तर, माझ्यामुळे तिचं संशोधन बिघडलं का? सांगावं का तिला? आणि दुसरा प्रश्न, जो तेव्हापासून डोक्यात फिरतोय: हजारो वर्षांच्या वैदिक विद्येला, योगाला असं तागडीत घालून मोजता येतं का? आणि मोजायचंच कशाला?

काजवा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

टवाळखोर

चोरून सिगारेट ओढणारे बायका-मुलींपासून आजोबांपर्यंत सगळे पाहिले. चोरून श्वास घेणाऱ्या तुम्ही पहिल्याच. दंडवत घ्या.

पी_व्हॅल्यू

निंबोणीताई, हसलो, सॉरी. आता गंभीरपणे.

बिघडलं का? थोडं, हो. पण तुम्हाला वाटतंय त्याच्या उलट दिशेने. संशोधन बघतं ते दोन गटांतला फरक. कंट्रोल गटातली माणसं गुपचूप प्राणायाम करून बरी व्हायला लागली तर फरक कमी होतो, आणि निष्कर्ष निघतो की "प्राणायामाने विशेष काही झालं नाही". म्हणजे प्राणायामावरच्या विश्वासापोटी तुम्ही प्राणायामाचाच एक साक्षीदार फोडलात.

दुसरं, तुमचे १४ अंक उतरले ते सगळे प्राणायामामुळे, असं समजू नका. रक्तदाब रोज वर-खाली होतो. ज्या दिवशी जास्त निघतो त्या दिवशीच माणूस अभ्यासात घेतला जातो, त्यामुळे पुढच्या मोजणीत तो आपसूकही थोडा खाली येतो. शिवाय तुम्ही मीठ कमी केलंत, चालायला लागलात. कंट्रोल गट असतो तो यासाठीच. तो गट म्हणजे प्राणायाम न मिळालेले बिचारे लोक नव्हेत.

सांगा तिला. चिडणार नाही. आणि तुम्हाला गटातून काढणारही नाही, कारण चिठ्ठीत ज्या गटात नाव आलं त्याच गटात शेवटपर्यंत धरायचं असा नियम असतो.

निंबोणी

साक्षीदार फोडला! आता रात्रभर झोप नाही. (प्राणायाम करूनही.)

ऋतंभर

धाग्यातला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. ऋषींनी हजारो वर्षं स्वतःच्या शरीरावर प्रयोग केले. त्याला काल जन्मलेल्या पद्धतीचा शिक्का हवाच कशाला? सायणाचार्यांच्या ऋग्वेदभाष्यात सूर्याला नमस्कार करताना स्पष्ट म्हटलंय की तू अर्ध्या निमिषात २२०२ योजनं जातोस. गणित करून बघा, प्रकाशाचा वेग येतो. चौदाव्या शतकात! पाश्चात्त्यांना हे कधी कळलं?

पी_व्हॅल्यू

१६७६ मध्ये, रोमरला, गुरूच्या चंद्राची ग्रहणं बघताना. आणि त्याने ते कसं काढलं हे लिहून ठेवलंय, चुकीसकट.

योजन किती किलोमीटरचं धरलंत, ऋतंभर? आठचं, बाराचं की चौदाचं? ग्रंथागणिक वेगळं आहे. निमिषाचंही तेच. दोन ढिले आकडे हाताशी असले की हवं ते उत्तर काढता येतं. प्रकाशाचा वेग कळल्यावरच हा श्लोक लोकांना सापडला, याचं आश्चर्य वाटत नाही का?

टवाळखोर

आता पुढच्या पाच प्रतिसादांत विमान येणार. पैज?

जुनं_खोड

निंबोणी, तुमचा दुसरा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका माणसाला पडला होता आणि त्याने त्यावर आयुष्य काढलं. लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंद. मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३. बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले, पुढे अमळनेरला राष्ट्रीय शाळा-कॉलेजात शिकवणारे. नर्मदाकाठी मालसरला माधवदासजींकडे योग शिकले आणि मग त्यांना स्वस्थ बसवेना. गुरू सांगतो ते खरं, पण शरीरात नेमकं होतं काय?

१९२४ मध्ये त्यांनी कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केलं. आत काय, तर उड्डियान (पोट आत ओढणं) आणि नौली (पोटाचे स्नायू घुसळणं) या क्रियांची क्ष-किरण चित्रं, दाबाच्या नोंदी. नौली करून आतड्यात पाणी ओढून घेता येतं हे हठयोग्यांना ठाऊक होतं. कुणी म्हणे अपान वायू ओढतो, कुणी म्हणे आतड्याच्या उलट्या हालचाली. यांनी सरळ दाबमापक लावला. नौलीच्या वेळी आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणून पाणी चढतं. एवढी साधी गोष्ट. त्या निर्वाताला त्यांनी नाव दिलं 'माधवदास निर्वात'. शोध स्वतःचा, नाव गुरूचं!

मी सत्तरच्या दशकात तिथे काही महिने राहिलो आहे. तिथलं वळण माझ्या मनात कायमचं बसलं. साधना करा, पण सकाळी प्रयोगशाळेत मशीन जे दाखवील ते मान्य करा. ऋतंभर, शिक्का मारायला कुणी परका आला नव्हता हो. आतलाच माणूस होता, स्वतः साधना करणारा.

निंबोणी

खोडकाका, हे मला अजिबात माहीत नव्हतं. लोणावळा म्हणजे मला चिक्कीच आठवते, लाज वाटते आता.

रक्तदाब

(नाव बघून हसू नका. शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, म्हणून घेतलं होतं.)

जुनं_खोड यांच्या पोस्टीला पुरवणी. हृदय थांबवणाऱ्या योग्यांच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकल्या असतील. १९३५ मध्ये तेरेझ ब्रॉस नावाची फ्रेंच हृदयतज्ज्ञ ईसीजीचं यंत्र घेऊन भारतात आली होती. तिच्या एका नोंदीत ईसीजीच्या लाटा जवळजवळ सपाट झाल्या, आणि 'योगी हृदय थांबवतात' हे जगभर पसरलं. मग १९५७ च्या सुमारास वेंगर आणि बागची हे दोघे अमेरिकेतून आले, इथून दिल्लीचे डॉ. बी. के. आनंद त्यांना मिळाले. हृदय थांबवण्याचा दावा करणाऱ्यांना शोधून त्यांनी नाडी, हृदयाचे ध्वनी, ईसीजी असं सगळं एकदम मोजलं.

त्यांना दिसलं ते असं. श्वास कोंडून छाती-पोट घट्ट आवळलं की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, मनगटावरची नाडी लागत नाही, स्टेथोस्कोपमध्ये ठोके ऐकू येत नाहीत. बोट ठेवणाऱ्याला वाटतं, थांबलं! पण ईसीजीवर हृदय चालूच. १९६१ मध्ये हे छापून आलं.

पण गंमत पुढे आहे. त्याच आनंद यांच्या गटाने एम्समध्ये रामानंद योगींना हवाबंद पेटीत बसवलं. त्यांचा ऑक्सिजनचा वापर त्यांच्याच विश्रांतीच्या पातळीच्या खाली गेला. आणखी दोन योग्यांचा हात ४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ४५ ते ५५ मिनिटं बुडवून ठेवला, तरी मेंदूच्या आलेखातली शांत अल्फा लय मोडली नाही. आपण पाच मिनिटंसुद्धा ठेवू शकणार नाही.

म्हणजे त्याच लोकांनी, त्याच काळात एक दावा पाडला आणि दुसरा उचलून धरला. मी विद्यार्थ्यांना हे दोन्ही एकाच तासाला शिकवतो.

ऋतंभर

मग स्वामी रामांचं काय? १९७०, अमेरिकेतलं मेनिंजर फाउंडेशन. तिथे यंत्र लावूनच हृदय थांबवलं होतं.

रक्तदाब

थांबवलं नव्हतं. सुमारे १७ सेकंद हृदयाच्या वरच्या कप्प्यांची फडफड सुरू झाली, मिनिटाला ३०० च्या आसपास. त्या वेगात कप्पे नीट भरत नाहीत, रक्त पुढे जात नाही, नाडी लागत नाही. स्वतःच्या इच्छेने ते करता येणं हेच थक्क करणारं आहे, त्यावर 'थांबवलं'चा मुलामा कशाला चढवायचा? पण हा एका माणसाचा एक प्रयोग. त्यावरून 'योगाने अमुक होतं' असं म्हणता येत नाही. पी. टी. उषा धावल्या म्हणून माझी पाठदुखी थांबत नाही.

टवाळखोर

पाच प्रतिसाद झाले, विमान आलं नाही. मीच आणतो. १८९५, गिरगाव चौपाटी, तळपदेंनी म्हणे वेदांवरून उडवलेलं विमान! चला, उडवा.

ऋतंभर

तुम्हाला टिंगलच करायची असेल तर हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

पी_व्हॅल्यू

टिंगल नको, त्याचंही मोजमाप झालंय. १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी 'वैमानिक शास्त्र' हा प्राचीन म्हणून सांगितला जाणारा विमानांवरचा ग्रंथ घेऊन त्यातल्या आकृत्या आणि मापं तपासली. ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा निघाला, सुब्बराय शास्त्रींनी तोंडी सांगून लिहवून घेतलेला. आणि त्यातलं एकही यान उडण्याजोगं नाही. मला त्यातलं आवडतं ते हे की त्यांनी 'हॅ' म्हणून बाजूला फेकलं नाही. बसून वजनं, आकार, तोल सगळं बघितलं.

मॉडरेटर

विमानांसाठी वेगळा धागा काढा. इथे पुन्हा उतरलं तर पंख छाटले जातील.

गणिताची_बाई

विमानं गेली, बरं झालं. आता माझं दुकान मांडते.

दर वर्षी पालक येऊन विचारतात, "वैदिक गणित शिकवता का?" ते पुस्तक छापलं गेलं १९६५ मध्ये, पुरीच्या शंकराचार्यांच्या निधनानंतर. त्यातली सोळा सूत्रं अथर्ववेदाच्या माहीत असलेल्या परिशिष्टात मिळत नाहीत, हे त्याच पुस्तकाच्या संपादकांनी आरंभी नोंदवलंय. झटपट गुणाकाराच्या युक्त्या छान आहेत, मुलांना मजा येते, शिकवा. पण वेदांतलं गणित हवंय ना? मग शुल्बसूत्रं उघडा. ती कुणी उघडत नाही.

शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञवेदी आखायची तर दोरीने काटकोन काढायचा, चौरसाच्या क्षेत्राएवढं वर्तुळ काढायचं. बौधायन सांगतो, "दीर्घचतुरश्रस्याक्ष्णया रज्जुः पार्श्वमानी तिर्यङ्मानी च यत् पृथग्भूते कुरुतस्तदुभयं करोति." आयताच्या कर्णावरचा चौरस म्हणजे दोन बाजूंवरच्या चौरसांची बेरीज. मुलं हे नववी-दहावीत दुसऱ्याच्या नावाने शिकतात.

आणि चौरसाच्या कर्णासाठी तो म्हणतो, बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्याचा चौथा मिळवा, त्या शेवटच्या भागाचा चौतिसावा वजा करा. म्हणजे १ + १/३ + १/१२ − १/४०८. बेरीज ५७७/४०८, म्हणजे १.४१४२१५७. दोनाचं वर्गमूळ १.४१४२१३६. १०० मीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण या दोरीने काढलात तर चूक पाव मिलिमीटरही नाही. आणि शेवटी तोच म्हणतो 'सविशेष', म्हणजे थोडं उरतंच. आपलं उत्तर नेमकं नाही हे त्याला ठाऊक होतं!

श्येनचिती, गरुडाच्या आकाराची ती वेदी, पाच थरांची, थराला २०० विटा, आणि खालच्या-वरच्या थरांचे सांधे एकमेकांवर येता कामा नयेत. एकदा वर्गात पुठ्ठ्याचे तुकडे देऊन एक थर मांडायला सांगितला होता. दोन तास गेले, वर्ग पडला. पुढच्या वर्षी मीच आधी घरी मांडून बघितला, मलाही जमला नाही.

काजवा

बाई, वाखु (वाचनखूण) साठवली. वेगळा लेख लिहा ना यावर. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

घनपाठी

नावात घनपाठी असलो तरी घनापर्यंत पोचलो नाही, क्रमापर्यंत गेलो आणि मग अकरावीला सायन्स घेतलं. पण वयाच्या आठव्या ते चौदाव्या वर्षापर्यंत वेदपाठशाळेत होतो, म्हणून दोन शब्द.

गुरुजी एक चरण म्हणत, आम्ही दोनदा. मान धरून खाली-वर करत, म्हणजे स्वर कुठे उतरतो, कुठे चढतो ते मानेला कळलं पाहिजे, डोक्याला नंतर. पुस्तक समोर नसायचं. पदं तोंडपाठ झाली की त्यांची वीण. क्रमात एक-दोन, दोन-तीन. जटेत एक-दोन, दोन-एक, एक-दोन. घनात एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन, मग पुढच्या पदापासून तेच. पुढे कॉलेजात संदेशातल्या चुका पकडण्याच्या पद्धती शिकलो तेव्हा बाकावरच हसू फुटलं. एखादा शब्द निसटला की उलट येताना गाडी रुळावरून घसरतेच.

तर, २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शुक्ल यजुर्वेद पाठ असलेले २१ पंडित आणि त्यांच्याशी जुळणारे दुसरे २१ जण, दोघांच्या मेंदूची एमआरआय चित्रं. पंडितांच्या मेंदूत भाषा आणि स्मृतीशी निगडित कितीतरी भागांत करडा पदार्थ जास्त भरला. बातम्या आल्या, "संस्कृत मंत्रांनी मेंदू वाढतो". आमच्या घरच्या ग्रुपवर तर मीच पुरावा म्हणून फिरलो. मला मात्र वाटतं, मंत्रांनी की सात-आठ वर्षं रोज तासन्‌तास पाठांतराने?

पी_व्हॅल्यू

अगदी नेमका प्रश्न. आणि आणखी एक: ज्याची स्मरणशक्ती आधीच चांगली, तोच पाठशाळेत टिकतो. बाकीचे अकरावीला सायन्स घेतात. (हलकेच घ्या!) एकदाच फोटो काढून आधी काय होतं आणि नंतर काय झालं ते कळत नाही.

लंडनच्या टॅक्सीवाल्यांचं असंच होतं. सगळे रस्ते पाठ करणाऱ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पसचा (स्मृतीशी निगडित भागाचा) मागचा भाग मोठा, हे २००० मध्ये दिसलं. मग शिकाऊंना आधी मोजलं, चार-एक वर्षांनी पुन्हा मोजलं, आणि २०११ मध्ये दाखवून दिलं की परीक्षा पास होणाऱ्यांत ती वाढ नंतर होते. पाठशाळेत पहिल्या दिवशी येणाऱ्या मुलांवर हे करायला हवं.

घनपाठी

हलकेच घेतलं. खरंय ते. माझ्याबरोबरच्या बारा जणांतले तिघे टिकले, आणि ते तिघे पहिल्या महिन्यातच ओळखू येत होते.

अवांतर, गुरुजींना हा अभ्यास सांगितला. म्हणाले, "मेंदू जाड झाला तर चांगलंच, पण कालची संथा म्हण बघू."

योगशिक्षिका

उशिरा आले. सगळं वाचलं. एक-दोन गोष्टी खटकल्या.

शीर्षकात नाही पण प्रश्नात 'वैदिक विद्या, योग' असं एका दमात म्हटलंय. वेदांत आज आपण करतो तशी आसनं नाहीत. पतंजलींच्या १९५-१९६ सूत्रांत आसनावर जेमतेम तीन, त्यातलं एक 'स्थिरसुखमासनम्'. पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत पंधरा आसनं. आणि सूर्यनमस्कार आज ज्या रूपात शाळाशाळांतून होतात, त्यांचा प्रसार केला औंधच्या पंतप्रतिनिधींनी, १९२० च्या दशकात. सूर्याची उपासना वेदांत आहेच, पण जोर मारून उठणं ही बरीच नवी गोष्ट. नवी म्हणून वाईट नाही! मी रोज २४ घालते.

दुसरं म्हणजे धोक्यांबद्दल कुणीच बोललं नाही. शीर्षासनात डोळ्यांतला दाब साधारण दुप्पट होतो, चेन्नईतल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये मोजून छापलंय. काचबिंदू असलेल्याने ते करू नये. माझ्या वर्गात मी हे फॉर्मवर विचारते, तेव्हा काहींना राग येतो, "योगाचे कुठे साइड इफेक्ट असतात का?" तेव्हा मी हठप्रदीपिकाच काढते. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसा वायू, "अन्यथा हन्ति साधकम्". नाहीतर साधकालाच मारतो! औषधाच्या डबीवरची सूचना जुन्यांनी आधीच छापली होती.

तिसरं, निंबोणी, चार-सहा मोजलंत ते ठीक. मैत्रिणीच्या तोंडून शिकलात ते ठीक नाही. तिने कुंभक (श्वास रोखून धरणं) सांगितला असता तर?

रक्तदाब

योगशिक्षिका, +१.

आणि 'चार-सहा'वर जरा थांबू या. चार आणि सहा म्हणजे दहा सेकंदांचा एक श्वास, मिनिटाला सहा. २००१ मध्ये इटलीत २३ निरोगी माणसांवर एक सुंदर प्रयोग झाला. त्यांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' म्हणायला लावलं. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि दोन्हींत रक्तदाबाचा तोल राखणारी प्रतिक्षिप्त क्रिया सुधारली. त्या लयीला शरीरातली दाबाची संथ लाट जुळते.

आता हे ऐकून दोन तऱ्हेची माणसं हिरमुसतात. 'आमचा मंत्रच खास' म्हणणारी, आणि 'मंत्रात काही नसतं' म्हणणारी. भ्रामरीचंही असंच. नाकातून गुणगुणलं की नायट्रिक ऑक्साइड साध्या उच्छ्वासाच्या १५ पट बाहेर पडतं, हे स्वीडनमध्ये २००२ मध्ये मोजलं. त्यासाठी 'ॐ' लागत नाही, लता मंगेशकरांचं गाणंही चालेल. पण नाकाने गुणगुणत बसायचं हे आधी कुणाला सुचलं होतं, ते विसरू नये.

ऋतंभर

परत आलो, कारण आता चर्चा चर्चेसारखी होतेय.

माझं म्हणणं 'शिक्का नको' एवढंच नव्हतं. इतके दिवस शोधाची दिशाच एका बाजूने असते, याचा मला राग आहे. आपल्याकडे सर्पगंधा शेकडो वर्षं वापरात होती. १९३१ मध्ये कोलकात्याच्या सेन आणि बोस यांनी ती रक्तदाबावर उपयोगी असल्याचं लिहिलं, कुणी फारसं ढुंकून पाहिलं नाही. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांचे निकाल इंग्लंडच्या नियतकालिकात छापले, तेव्हा जग जागं झालं. १९५२ मध्ये स्विस कंपनीने रेसरपिन वेगळं काढलं. मुळी आपली, गोळी त्यांची.

रक्तदाब

ऋतंभर, इतकं चांगलं उदाहरण तुम्ही आधी का नाही दिलंत? प्रकाशाच्या वेगाला उगाच पाठवलंत.

फक्त एक. परंपरेत सर्पगंधेचा वापर होता तो सापाचं विष, उन्माद, झोप यांसाठी. रक्तदाब मोजायचं यंत्रच नव्हतं, तर ती दिशा मोजणाऱ्यांनी दिली. आणि मोजलं म्हणूनच पुढे हेही कळलं की मोठ्या मात्रेत काही रुग्णांना खोल नैराश्य येतं. दोन्ही बाजूंचं श्रेय द्यावं लागेल.

टवाळखोर

प्रामाणिक प्रश्न, टवाळी नाही. ऋतंभर, उद्या एखादा मोठा, नीट केलेला अभ्यास 'उपयोग नाही' म्हणाला तर सोडाल?

ऋतंभर

नाही. तीस वर्षांची साधना आहे. आणि मी ती रक्तदाबासाठी करत नाही.

निंबोणी

मी रक्तदाबासाठीच करते आणि तरी मीही सोडणार नाही. हे लिहिताना लक्षात आलं की मला 'हो' ऐकायचं होतं, म्हणूनच तर चोरी केली. आणि पी_व्हॅल्यू म्हणतात तसं, त्या चोरीनेच 'नाही' यायला मदत केली. माझं मला हसू येतंय.

पी_व्हॅल्यू

टवाळखोर, तसा अभ्यास झालाय. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले ३,९५९ रुग्ण, भारतातली २४ केंद्रं, अर्ध्यांना योगावर आधारित कार्यक्रम, बाकीच्यांना नेहमीचा सल्ला. २०२० मध्ये निकाल आला. मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात वगैरे एकत्र धरून दोन गटांत ठाम फरक दिसला नाही. तब्येत कशी वाटते यात योगगट किंचित वर. घटना अपेक्षेपेक्षा कमी घडल्या, त्यामुळे छोटा फायदा असता तरी तो पकडणं कठीण होतं.

आणि २०११ मधला पाठदुखीचा अमेरिकन अभ्यास: योगाचा वर्ग, स्नायू ताणण्याच्या व्यायामांचा वर्ग आणि नुसतं माहितीचं पुस्तक, २२८ माणसं. दोन्ही वर्ग पुस्तकापेक्षा सरस, पण एकमेकांच्या बरोबरीचे.

अडचण अशी की गोळीसारखी इथे साखरेची गोळी देता येत नाही. खोटा प्राणायाम कसा करवणार? माणसाला कळतंच आपण काय करतोय ते. वर निंबोणीताईंसारखी माणसं असतात.

काजवा

खोटा प्राणायाम म्हणजे आमच्या ऑफिसातला योगदिन. २१ जून, फोटो काढेपर्यंत श्वास रोखून.

जुनं_खोड

संशोधन म्हटलं की सगळे यंत्रांवरच घसरले म्हणून एक आठवण करून देतो. पुण्यात १९२८ मध्ये वैदिक संशोधन मंडळ निघालं. तिथल्या पंडितांनी वर्षानुवर्षं पोथ्या पुढ्यात घेऊन सायणभाष्यासह ऋग्वेदाची चिकित्सक आवृत्ती केली. भांडारकर संस्थेतल्या ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांची २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटात नोंद झाली. कुठला पाठ मूळ, कुठला लेखनिकाने घुसडलेला, हे ठरवणं हेही विज्ञानच. सायणांच्या नावावर काही फेकण्याआधी निदान ती आवृत्ती उघडावी. मी कुणाचं नाव घेत नाही.

ऋतंभर

घेतलंतच की, काका.

निंबोणी

अपडेट देते, मुळात माझा पहिला प्रश्न तोच होता.

काल त्या मुलीला फोन केला. सगळं सांगितलं, तिसऱ्या आठवड्यापासून, रोज दहा मिनिटं, चार-सहा. पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, "ताई, तुम्ही सातव्या."

कंट्रोल गटातल्या आणखी सहा जणांनी आधीच कबुली दिली होती. एकाने तर टीव्हीवर बघून कपालभाती केली. आणि प्राणायाम गटातल्या तिघांनी घरी एकदाही केलं नाही, नुसत्या खुणा भरल्या वहीत. ती हे सगळं प्रबंधात लिहिणार आहे. मार्गदर्शक म्हणाले की हा भाग निकालापेक्षा जास्त वाचला जाईल.

सोमवारपासून आमच्या गटाचा हक्काचा वर्ग आहे. ती विचारत होती, सात जणांना आधीच येतंय तर त्यांना वेगळं बसवू का!

टवाळखोर

जुन्या गुन्हेगारांची वेगळी बराक.

रक्तदाब

निंबोणी, बाकी सगळं राहू दे, आजचा आकडा किती?

निंबोणी

१४०/८८. आज सकाळी केला नाही. इथले प्रतिसाद वाचत बसले होते.